दंडवही

पांझरेच्या बंधाऱ्यावरून पाट निघतो.
पाटावर चार फड, चार फडांना एक जागल्या
आणि एक वही. ती आता माझ्याकडे आहे.

पहिल्याच पानावर, सुकलाल गुरुजींच्या मोडी वळणात:
झुलाल दगा, रात्री बारं फोडलं, दंड सव्वा रुपया.
सव्वा रुपयानं तेव्हाही कुणी मोडत नव्हतं.
पण त्या पैशांचा गूळ यायचा
आणि तो झुलालनंच वाटायचा, मारुतीच्या पारावर,
ज्याचं पाणी चोरलं त्याच्यापासून सुरुवात करून.
पोरं विचारायची, "कोना गूळ शे?"
तो म्हणायचा, "मना."
वहीत पुन्हा त्याचं नाव नाही.
गूळ संपला की चिलीम त्याच्याकडेही फिरायची,
हे गुरुजींनी लिहिलेलं नाही.
मला माहीत आहे, कारण विस्तव आणून देणारा पोरगा मी होतो.

पुढे गूळ मागासलेला ठरला, पावतीपुस्तक आलं.
दंड पाचशे, मग दोन हजार, मग पाच.
हिलाल आप्पांचा यशोधन, धुळ्यात ट्रॅक्टरचं शोरूम,
मार्चच्या एक तारखेला माझ्या ओट्यावर बसला,
मोबाइलवरून पंधरा हजार पाठवले,
म्हणाला, "काका, महिन्याभराचं लिहून घ्या."
मी लिहून घेतलं.
शेवटच्या फडातला गहू दाणा न भरता पिवळा पडला
आणि वहीत शिल्लक कधी नव्हती एवढी.

बैठकीत कुणी म्हणालं वीस हजार करा,
कुणी म्हणालं पोलिसात द्या.
भिला जागल्या चपलेचा अंगठा शिवत बसला होता.
मान वर न करता म्हणाला,
"दंड धाकला ऱ्हावू द्या.
मी जागा शे, एवढं त्याले समजू द्या."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.
माझी बोटं मात्र वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर होती.

वैजंताबाईंच्या रोहिदासनं परजातीतली बायको आणली
त्या वर्षी ना ठराव झाला, ना पावती फाटली.
फक्त गिरणीवर त्यांचा डबा शेवटी राहू लागला,
वीज जाईपर्यंत.
न्हाव्याला सवड होईना.
पोळ्याला त्यांचे बैल पाच दारं फिरून तसेच परतले.
पाणी मिळत होतं, पाळीनं, नियमात,
पाळी आली अशी हाक तेवढी कुणी देत नव्हतं.
एवढं काटेकोर पाळलेलं
दुसरं कलम मी या गावात पाहिलं नाही.

साक्रीहून फौजदार आला. कायदा होता त्याच्याकडे,
चांगला, छापील, शिक्षेसकट.
त्यानं विचारलं, कुणी केलं?
साडेतीनशे उंबरे आणि करणारा कुणीच नाही.
मला विचारलं. मी म्हणालो, वहीत तशी नोंद नाही.
खरंच नव्हती.

मोडलं ते गिरणीवर.
मंजानं एका सकाळी वैजंताबाईंचा डबा उचलला
आणि पहिल्यांदा तोच ओतला.
दोघी दळण न घेता निघून गेल्या.
तिसरी उभी राहिली.
तिला संध्याकाळी कळण्याच्या भाकरी करायच्या होत्या.

आता पुन्हा गूळ आहे. अर्धा किलो, सगळ्यांना सारखा.
यशोधननं आधी ड्रायव्हरच्या हाती पाठवला,
भिलानं ड्रायव्हरला चहा पाजून परत लावलं.
शनिवारी तो स्वतः आला, गॉगल काढून,
आणि शेवटच्या फडवाल्यांपुढे
त्याला कागदाची पुडी सोडवता येईना.

काल त्या कोऱ्या पानावर मी माझं नाव घातलं.
तारीख घातली, अकरा वर्षांपूर्वीची.
गुन्ह्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसलो,
शाईचा एक ठिपका पडला, तोच राहू दिला.

वैजंताबाईंचं दार अर्धं उघडं होतं.
नात पुढे आली, आठेक वर्षांची,
पुडीकडे बघत म्हणाली,
"कोना गूळ शे?"